बाकांमधली वाट

मेरिल स्टॉडर्ड आपल्या बाकावरून उठला, मधली वाट ओलांडून पलीकडे गेला आणि एका रिकाम्या जागेसमोर उजवा हात अर्धवट पुढे करून उभा राहिला.

आजूबाजूला सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते. रविवारच्या उपासनेत पापकबुली झाली, क्षमेचे शब्द झाले की हा भाग येतो. जवळच्याचा हात धरायचा, ‘प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो’ म्हणायचे, आणि त्याने ‘तुझ्याबरोबरही असो’ म्हणायचे. सेंट क्लेमंट्समध्ये याला जरा जास्तच वेळ लागे, कारण शांती देता देता लोक गुडघेदुखीची, नातवंडांची आणि परसातल्या भोपळ्यांचीही चौकशी उरकून घेत. त्या गलबल्यात मेरिल एकटाच गप्प होता. जागा रिकामी आहे हे त्याला उठण्याआधीच दिसत असणार. तरी तो आला होता. थोड्या वेळाने त्याने हात खाली घेतला आणि तो कोटाला पुसला.

नोला थेयर दोन बाक मागे होती. चर्चमध्ये तिचे हे नवे काम सुरू होऊन महिनाच झाला होता. आजारी, म्हातारी, घरात अडकलेली माणसे असतील त्यांच्याकडे जायचे, विचारपूस करायची, उपासनेतली पवित्र भाकर त्यांना घरी नेऊन द्यायची. त्याआधीची सगळी वर्षे तिने दवाखान्यात लोकांचे सांधे हलते करण्यात घालवली होती. माणूस काय बोलतो याच्या आधी त्याचा खांदा काय करतो हे बघायची तिला सवय होती. मेरिलचा खांदा बघून ती पुढे झाली आणि तिने त्याचा हात धरला.

“प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो.”

“हं,” मेरिल म्हणाला आणि त्याने हात सोडवून घेतला.

उपासनेनंतर ती खालच्या स्वयंपाकघरात कॉफी घ्यायला गेली, तेव्हा डॉट पेल्की तिची वाटच बघत होती. तिथे चहाचा चमचा हलला तरी तो डॉटला विचारून हले. सुगीच्या जेवणासाठी ती भोपळे चिरत होती.

“तू मेरिलला हात दिलास म्हणे.”

“एकटाच उभा होता.”

“एकटा कसला. ऑरिनच्या जागेसमोर उभा होता. अगं, सख्खे भाऊ आहेत ते. बागेला बाग लागून. मध्ये एक दगडी बांध आहे, त्याच्यावरून ह्याची मांजरं तिकडे जातात, त्याची कोंबडी इकडे येते. फक्त हे दोघं येत-जात नाहीत. बोलणंच नाही.”

“मग इथे?”

“इथे म्हणजे काय, उपासनेत लिहिलंय म्हणून. मेरिल उठतो, पलीकडे जातो, हात देतो. हा म्हणतो शांती असो, तो म्हणतो तुलाही असो. संपलं. पुढच्या रविवारपर्यंत तोंडाला कुलूप.” डॉटने भोपळ्यातल्या बिया काढून बाजूला टाकल्या. “लोरेन गेली तेव्हापासून. ऑरिनची बायको. भर ऑक्टोबरात गेली बिचारी. अख्खं गाव चर्चमध्ये, दारात उभं राहायला जागा नाही. आणि सख्खा दीर कुठे, तर सफरचंदं काढतोय.”

“का, ते कुणी विचारलं नाही?”

“विचारणार कोण? विचारलं असतं तर आपल्या जेवणाला सफरचंदं कुणी दिली असती?” डॉटने सुरीनेच दाराकडे खूण केली. “आणि आता ऑरिन शिडीवरून पडलाय. खुब्याचं हाड. ह्या वयात शिडीवर चढायला सांगितलं होतं कुणी? आज तुला त्याच्याकडेच जायचंय ना? शाल नेऊ नकोस. चिडतो.”

*

ऑरिनची खाट खालच्या खोलीत, खिडकीपाशी आणून ठेवली होती. खिडकीतून बाग दिसे, आणि बागेपलीकडे तो बांध.

“नवीन बाई तुम्हीच का?” तो म्हणाला. “शाल आणलीत?”

“नाही.”

“मग आत या. मागच्या बाईंनी मला इतक्या विणून दिल्यात की रस्त्यावर दुकान मांडता येईल.”

नोलाने आधी त्याचा वॉकर बघितला. तो फार उंच लावलेला होता. तिने वॉकरचे पाय एकेक खाच आत सरकवले, ऑरिनला उभे केले, चार पावले चालवले. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. दोन्ही हात कायम वॉकरवर, काही झाले तरी सोडायचे नाहीत.

“तुम्हाला चर्चनं पाठवलंय की दवाखान्यानं?”

“चर्चनं. ही जुनी खोड.”

तो हसला. मग खाटेवर टेकून म्हणाला, “कोण कोण आलं होतं आज?”

तिने सांगितले. डॉट, पेटी वाजवणारे म्हातारे मास्तर, गिरणीकडची जुळी बाळे. तो ऐकत होता, पण आणखी कशाची तरी वाट बघत होता.

“उजवीकडचे बाक भरले होते?”

“भरले होते.”

“सगळे?”

“तुमचे भाऊ आले होते,” नोला म्हणाली.

ऑरिनने पाणी मागितले. ते तो सावकाश प्यायला आणि त्याने पेला खिडकीच्या कडेवर ठेवला.

नोलाने छोटी चांदीची डबी काढली, टेबलावर पांढरे कापड अंथरले आणि पुस्तक उघडले. घरी करायची उपासना आटोपशीर असते. वाचन झाले, पापकबुली झाली. मग पुस्तकात म्हटल्याप्रमाणे तिने हात पुढे केला.

“प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो.”

ऑरिनचा हात पांघरुणाखाली गेला.

“ते राहू द्या,” तो म्हणाला. “ते चर्चमध्ये.”

पुस्तकात ह्या जागी ‘करता येईल’ असे लिहिले आहे, ‘करावे’ असे नाही. नोलाने मान हलवली आणि ती पुढच्या प्रार्थनेवर गेली. काही रुग्णांना हात लावलेला चालत नाही, काहींना घरात चर्च नको असते. कारण कोणते ते कळले नाही, पण नियम कळला: इथे शांतीचा भाग घ्यायचा नाही. पुढच्या सगळ्या भेटींत तिने तो पाळला.

निघताना ऑरिन म्हणाला, “पानगळ संपेपर्यंतच यावं लागेल तुम्हाला. रॉबर्टा येतेय. माझी मुलगी. ॲरिझोनाला नेणार.”

“हिवाळ्यापुरतं?”

“ती तसं म्हणते. पण घर बघायला माणसं बोलावलीत तिनं. हिवाळ्यापुरतं जायचं तर घर कशाला दाखवायचं?”

*

ऑक्टोबर सरताना एका शनिवारी सेंट क्लेमंट्सची मंडळी दाताळी घेऊन निघतात. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्या अंगणातली पाने ओढून ढीग करायचे, ते गाडीत भरायचे आणि शेवटी कुणाच्या तरी पायरीवर बसून सफरचंदाचा गरम रस प्यायचा. यंदा हे जुळवायचे काम नोलाकडे होते. ऑरिनचे अंगण तिने शेवटी ठेवले होते.

ती पोचली तेव्हा अंगणाच्या टोकाला एक माणूस आधीच पाने ओढत होता. घराकडे पाठ करून. तो मेरिल होता.

बागेतल्या झाडांवर एकही फळ नव्हते. ऑरिन पडला त्या दिवशी ती लगडलेली होती, हे तिला ठाऊक होते. तिने डॉटकडे बघितले.

“माझ्याकडे काय बघतेस?” डॉट म्हणाली. “पेट्या कोठारात रचून ठेवल्यात. नीट, प्रतवारी लावून. ऑरिननं सांगितलं नाही, ह्यानं विचारलं नाही. आता तू तरी विचारू नकोस.”

रसाची किटली आली तसा मेरिल दाताळे खांद्यावर टाकून बांधाकडे निघाला. नोला त्याच्या मागे गेली.

“ते बुधवारी चाललेत,” ती म्हणाली.

“गाव बोलतंय.”

“उद्या चर्चनंतर मी भाकर घेऊन येणार आहे. शेवटचीच. तुम्ही यायचं का माझ्याबरोबर?”

मेरिलने दाताळ्यात अडकलेली पाने एकेक करून काढली. “आमचं बोलणं नाही.”

“माहीत आहे.”

“तिथे कुणी आलेलं चालतं का? पुस्तकाप्रमाणे?”

“कुणीही आलेलं चालतं.”

“मग मी कुणीही,” मेरिल म्हणाला आणि बांध ओलांडून गेला.

*

रविवारी तो चर्चचाच कोट घालून आला. नोलाच्या मागून खोलीत शिरला, दाराशेजारच्या खुर्चीवर बसला आणि त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. ऑरिन खिडकीपाशी खुर्चीत होता. त्याने भावाकडे एकदा बघितले. मग गळ्याचे बटण लावले.

“करा सुरू,” तो नोलाला म्हणाला.

नोलाचा आवाज नेहमीपेक्षा वर लागला होता. आपण एका खोलीत काय आणून ठेवले आहे याची तिला आता भीती वाटू लागली होती. म्हाताऱ्याचा रक्तदाब, मुलगी वरच्या मजल्यावर खोकी बांधतेय, भावांपैकी एक तडकून उठला तर काय करायचे. तिने वाचन केले. तिघांनी मिळून पापकबुली म्हटली. शेवटी क्षमेचे शब्द.

आता ती जागा आली. नोलाला पांघरुणाखाली गेलेला हात आठवला. ह्या दोघांना एकमेकांसमोर अवघडायला लावण्यात काय अर्थ आहे असे तिला वाटले आणि तिने पान उलटले.

“हे आमच्या स्वर्गातील पित्या,” तिने प्रार्थना सुरू केली, आणि तेव्हाच तिला दिसले की मेरिल खुर्चीतून अर्धा उठलेला आहे. टोपी त्याने डाव्या हातात घेतली होती, उजवा हात मोकळा ठेवला होता. तो क्षणभर तसाच राहिला. मग परत बसला, आणि प्रार्थनेत त्यानेही आपला आवाज मिसळला.

भाकर दोघांनी घेतली. शेवटचे आमेन झाले तसा मेरिल उठला, नोलाकडे बघून त्याने मान लववली आणि तो बाहेर पडला. त्याच्या गाडीचे दार वाजले. नोला पांढऱ्या कापडाची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा जुळेना.

“एक भाग गाळलात तुम्ही,” ऑरिन म्हणाला.

“तुम्हीच नको म्हणाला होतात. मागे.”

“ते तुम्हाला म्हटलं होतं. तुमचं माझं काय भांडण आहे?”

नोला घडी हातात धरून उभी राहिली.

“ज्याच्याशी काही बिनसलेलंच नाही त्याला शांती देऊन काय करायचं,” ऑरिन म्हणाला. “बाकीचे देतात. गमतीनं देतात, त्यांचं चालू द्या. मी आणि तो नाही देत कुणाला दुसऱ्या.” तो खिडकीकडे वळला. “लोरेनला मूठमाती दिली त्या दिवशी कडाक्याची थंडी पडणार होती. फळं झाडावर गोठली असती. माझी फळं, त्याची नाही. हा पहाटेपासून माझ्या झाडांवर. वर्षाचं पीक वाचवलं त्यानं माझं. मला पीक नको होतं. मला तो बाकावर शेजारी हवा होता.”

“त्यांना सांगितलंत हे कधी?”

“आणि आता पुन्हा तेच. मी शिडीवरून पडलो, हा बघायला आला नाही. सफरचंदं मात्र काढून गेला.” बोलता बोलता त्याला हसू आल्यासारखे झाले, पण ते टिकले नाही. “आज पहिल्यांदा आला होता.”

“गाडी अजून सुरू केलेली नाही त्यांनी. मी बोलावते.”

“बोलावून काय करणार? उपासना संपली.”

“नुसता हात द्यायला उपासना कशाला लागते?”

ऑरिनने तिच्याकडे असे बघितले, जसे ती स्वतः दवाखान्यात प्लास्टर आपल्या हातानेच कापून आलेल्या माणसाकडे बघत असे.

“नुसता हात देता आला असता,” तो म्हणाला, “तर इतकी वर्षं रविवारची वाट बघितली असती का आम्ही?”

बाहेर गाडी सुरू झाली.

*

दुसऱ्या दिवशी नोला फादर हॉलिसकडे गेली. पवित्र भाकरीच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे.

“कालच दिलीत ना ऑरिनला?” ते म्हणाले.

“दिली. पण एक भाग गाळला.”

“कोणता?”

तिने सांगितले. फादर हॉलिस मेरिलला आणि ऑरिनला फार वर्षे ओळखत होते. त्यांनी आणखी काही विचारले नाही. खण उघडला आणि किल्ली तिच्या हातात दिली.

मेरिल आपल्या कोठारात फळे निवडत होता. डागी एकीकडे, चांगली एकीकडे. ती आत आली तरी त्याचे हात थांबले नाहीत.

“बुधवारी सकाळी मी पुन्हा भाकर घेऊन जातेय,” नोला म्हणाली.

“एकदा झालं की.”

“चूक माझी होती. त्यांनी मला मागे नको म्हटलं होतं, मला वाटलं कुणाकडूनच नको. तसं नव्हतं.”

“पुस्तकात तो भाग केला तरी चालतो, नाही केला तरी चालतो, असं आहे,” मेरिल म्हणाला. “तुम्ही चुकला नाहीत काही.”

“चुकले.”

त्याने एक सफरचंद उचलले, देठाशी अंगठा फिरवून बघितले आणि डागी टोपलीत टाकले.

“मी एकदा उठलो होतो,” तो म्हणाला.

येतो म्हणाला नाही, येत नाहीही म्हणाला नाही.

*

बुधवारी दाराशी बॅगा लावलेल्या होत्या. रॉबर्टा वर शेवटची खोकी चिकटवत होती, चिकटपट्टी ओढल्याचा कर्र आवाज खालपर्यंत येत होता. ऑरिन प्रवासाचे कपडे घालून खिडकीपाशी बसला होता. नोलाने कापड अंथरले, डबी ठेवली, पुस्तक उघडले. मग काहीच करायचे उरले नाही म्हणून तिने कापडाची एक सुरकुती नीट केली.

“कुणाची वाट बघताय?” ऑरिनने विचारले.

“कुणाची नाही.”

“मीही नाही,” ऑरिन म्हणाला.

दार वाजले. मेरिल आत आला, त्याच खुर्चीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. ह्या वेळी त्याच्या अंगात चर्चचा कोट नव्हता, कामाचे जाकीट होते. जणू आपण सहज डोकावलो.

वाचन झाले. पापकबुली झाली. क्षमेचे शब्द झाले. नोलाने पुस्तकात बोट ठेवले.

“प्रभूची शांती सदैव तुमच्याबरोबर असो,” ती दोघांना म्हणाली आणि थांबली.

कुणीच हलले नाही. मेरिलची दोन्ही हातांची बोटे टोपीच्या कडेवर होती. तो जमिनीकडे बघत होता. इतकी वर्षे वाट ओलांडून तोच जात आला होता, आणि ह्याच खोलीत तो एकदा उठून परत बसला होता. आता त्याने उठावे असे म्हणायचा नोलाला काही अधिकार नव्हता. वरचा कर्र आवाजही थांबला.

ऑरिनने वॉकर जवळ ओढला.

नोलाचा हात आपोआप पुढे गेला. तो मागे घेऊन तिने पुस्तक धरले. ऑरिन उठला. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. खोलीच्या मध्यावर तो थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला. खुर्चीपाशी पोचल्यावर त्याने उजवा हात वॉकरवरून सोडला. असे कधीही करायचे नाही हे नोलाने त्याला प्रत्येक भेटीत बजावले होते. तिने ओठ मिटून घेतले.

“प्रभूची शांती तुझ्याबरोबर असो,” ऑरिन म्हणाला.

हे शब्द आजवर मेरिलचे होते. मेरिल उभा राहिला, टोपी खाली पडली. त्याने भावाचा हात धरला आणि दुसरा हात त्याच्या कोपराखाली घातला.

“खाली बस,” तो म्हणाला. “पडशील.”

“उत्तर हे नाही.”

“उत्तर मला माहीत आहे. आधी बस.”

त्याने पायानेच आपली खुर्ची ओढून ऑरिनच्या मागे सरकवली. ऑरिन बसला. मेरिल त्याचा हात न सोडता तसाच शेजारी उभा राहिला. जिन्यावर रॉबर्टाची पावले आली आणि मध्येच थांबली.

नोलाने पान उलटले नाही. उत्तर अजून यायचे होते.